लाव्ह्याला कठडा

नायक ज्वालामुखीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात ढाल, अंगावर चिलखत आणि चिलखतावर भडक नारिंगी रंगाचं चमकणारं जाकीट. समोरच्या गुहेतून ड्रॅगन बाहेर आला. त्याने एकदा भोंगा वाजवला. मग दुसऱ्यांदा वाजवला. तिसऱ्यांदाही वाजवून झाल्यावर, समोरच्याला बाजूला व्हायला भरपूर सवड देऊन, त्याने आग ओकली. नायक तोवर पिवळ्या पट्ट्यामागे जाऊन निवांत उभा होता. आग संपली तसा ड्रॅगन मागे सरकू लागला आणि मागे सरकताना मालट्रकसारखा टूं टूं टूं करत गेला.

मालकांनी पडद्यावरची नजर काढली आणि कपाळाला हात लावला.

"हे टूं टूं काय आहे?"

"त्याच्या मागे कोणी उभं असलं तर," भोंगेमास्तर म्हणाले.

मालकांनी पुढे विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं बरंच होतं आणि सुरुवात कुठून करावी हे त्यांना कळेना. ज्वालामुखीच्या कडेने कमरेइतका लोखंडी कठडा होता. राजकन्येच्या मनोऱ्याला नायक शिडी लावत होता तेव्हा खाली एक माणूस शिडी धरून उभा होता. राक्षसाच्या किल्ल्यात दर वळणावर बाहेर पडायची हिरवी पाटी होती आणि पटांगणात आग लागल्यावर राक्षससेनेने कुठे जमायचं ती जागाही आखून ठेवली होती.

हा खेळ तयार करणाऱ्या चौघांनी आजवर खेळ म्हणून काही केलंच नव्हतं. कारखान्यांसाठी धडे तयार करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. कामगाराने डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवायचा, की तो चष्म्यातल्या शिडीवर उभा. चुकला की पडायचा, पण चष्म्यातल्या चष्म्यात. चष्मा काढला की धडधाकट, आणि पुन्हा शिडीवर चढताना शहाणा. कठडेदादा या धड्यांतली चित्रं काढायचे, आणि दुसरे चित्रकार चेहरे काढतात त्या मायेने ते कठडे काढायचे. माणूस मात्र त्यांना एकच यायचा, मिशीवाला, वेगवेगळ्या हेल्मेटांत. राजकन्येकडेही निरखून पाहिलं तर ओठांवर मिशी पुसल्याची खूण दिसायची. फरशीवाल्याचं काम जमिनीचं. ओली जमीन, तेलकट जमीन, नुकती पुसलेली जमीन, कशावर पाय कसा सरकतो हे सगळं तो संगणकाला शिकवायचा, आणि स्वतः मात्र जन्मात कधी धावलेला नव्हता. भोंगेमास्तरांकडे इशाऱ्याचे आवाज होते. घरी दुधाचं पातेलं खाली पडलं तरी ते आधी उठून दाराकडे जायचे.

आणि अपघातबाई. तिला सगळे याच नावाने हाक मारायचे आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. अपघात सुचवणं हेच तिचं काम होतं. कोणत्याही खोलीत शिरली की इथे कोण, कशावरून आणि कसा पडेल हे तिला आधी दिसायचं, मग भिंतीचा रंग. कोणाकडे जेवायला गेली तरी पानावर बसण्याआधी ती बाहेर पडायचा दुसरा दरवाजा हेरून ठेवायची. तिचा एकच नियम होता. प्रत्येक अपघात टाळता आला पाहिजे. टाळता येत नाही त्याला धडा म्हणत नाहीत, त्याला नशीब म्हणतात, आणि नशिबाच्या खात्यात ती काम करत नव्हती.

पुढे कारखान्यांना असले धडे दुसरीकडून तयार मिळायला लागले आणि इथलं काम आटलं. तेव्हा मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की आता खेळ करायचा, खराखुरा, ज्यात तलवारी असतात आणि माणसं मरतात.  मग कठडेदादांनी हात वर करून विचारलं की मरायलाच हवीत का.

त्यातून हा खेळ तयार झाला होता, आणि गंमत अशी की यात आपण काही वावगं केलंय असं चौघांपैकी कोणालाही वाटत नव्हतं. उलट आपण पुष्कळ सैल सोडलं अशीच त्यांची समजूत होती. कठडेदादांना कठड्याचं विचारलं तर ते म्हणाले, "अहो, लाव्हा असा उघड्यावर कोण ठेवतं?"

मालक भला माणूस. त्यांनी आवाज चढवला नाही. ते एवढंच म्हणाले की खेळ विकत घेऊन सगळीकडे पोचवणाऱ्या एका मोठ्या कंपनीची माणसं महिन्याभरात इथे येणार आहेत, येऊन स्वतः खेळून बघणार आहेत. त्यांना जांभई आली, तर मालकांचा नाइलाज होईल. खेळाचा अनुभव असलेली माणसं आणावी लागतील आणि या चौघांना घरी जावं लागेल.

"अनुभव तर आम्हालाही आहे," फरशीवाला म्हणाला.

"तोच नडतोय," मालक म्हणाले.

मग सुरक्षितपणा काढून टाकायची मोहीम सुरू झाली, आणि कोणी स्वतःच्या हाताने आपलं लेकरू रानात सोडून यावं तशी सगळ्यांची तोंडं झाली. कठडेदादांनी कठडा काढला. संध्याकाळी मालकांनी पाहिलं तर त्याच जागी कमरेइतके दगड उभे होते, सारख्या अंतरावर, एका रेषेत. हे निसर्गतः आलेत असं कठडेदादांनी सांगितलं. फरशीवाल्याने बर्फ निसरडा केला आणि जिथे पाय पडणार तिथे नेमकं गवत उगवलं. भोंगेमास्तरांनी काळजावर दगड ठेवून भोंगा काढला. आता ड्रॅगन आग ओकण्याआधी घसा खाकरायचा. तीनदा.

शेवटी मालकांनी अपघातबाईला बाजूला घेतलं. "बाई, तुम्ही एवढे अपघात केलेत. माझ्यासाठी एकच करा. किल्ल्याकडे जाणाऱ्या पुलावर नायकाला मारा."

ती बसली. पुलाची एक फळी तिने सैल केली. लगेच तिच्याच हाताने फळीवर लाल पट्टी आली. तिने पट्टी पुसली, तर फळी करकरायला लागली. करकर बंद केली, तर नायक आपोआप फळीवरून लांब टांग टाकून पलीकडे गेला. एक आख्खा दिवस तिने त्याला मारण्यात घालवला आणि दिवसाअखेर तो आधीपेक्षा ठणठणीत होता. मग तिने तो सगळा पसारा पिशवीत भरला आणि सुट्टीच्या दिवशी घरी बसून मारते, असं सांगून ती निघाली.

तिच्या घरी नवरा होता आणि सासूबाई होत्या. सासूबाई तरुणपणी नर्स होत्या. सायकल मारत आडगावांत जाऊन त्यांनी इंजेक्शनं दिली होती, बाळंतपणं केली होती, नदीला पाणी असताना सायकल डोक्यावर घेऊन पलीकडे गेल्या होत्या. दोन वर्षांमागे न्हाणीघरात पाय घसरून त्यांचं मनगट मोडलं. मनगट जुळलं, पण अपघातबाईच्या मनात ते काही जुळलं नाही. सगळ्या जगाच्या फरश्या तपासणाऱ्या बाईला आपल्याच घरातली दिसू नये, हे तिला फार लागलं. तेव्हापासून तिने घराला हात घातला. न्हाणीघरात दांड्या आल्या, खाली रबराचा गालिचा आला, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंजाची टोपरी आली. सासूबाईंच्या चपला बदलल्या. स्वयंपाकघरातलं स्टूल वरच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे गेलं, कारण घरात राहिलं तर त्या चढतील. जिने एकटीने उतरायचे नाहीत असं ठरलं. सासूबाई कधी भांडल्या नाहीत. खिडकीशी एक खुर्ची होती, तिथे त्या पेपर घेऊन बसायच्या, आणि पेपर वाचून झाला की उलटीकडून पुन्हा वाचायच्या.

त्या सुट्टीच्या दिवशी अपघातबाई टीव्हीला यंत्र जोडून बसली होती आणि नायक काही केल्या मरत नव्हता. सासूबाईंनी पेपर खाली ठेवला.

"हे काय करतेस?"

"ऑफिसचंच काम आहे, आई. याला मारायचंय."

"आण इकडे," सासूबाई म्हणाल्या. इंजेक्शनाला भिऊन पळणाऱ्या माणसालाही त्या असंच म्हणत असणार.

सुनेने त्यांच्या हातात तो दोन कानांचा रिमोट दिला, कुठलं बटण कशाचं ते सांगितलं. सासूबाईंनी नायकाला थेट लाव्ह्यात घातला. दगड आडवे आले. त्यांनी दगडांवरून उडी मारायला लावली, तर नायकाने एक पाऊल मागे घेऊन मान हलवली. त्यांनी त्याचं हेल्मेट काढलं, तर तो जागचा हलेना. पुलावरून खाली ढकलला, तर त्याने दोर धरला. आगीपुढे नेऊन उभा केला, तर ड्रॅगन खाकरत बसला. सासूबाईंना आधी हसू आलं, मग इरेला पेटल्या, मग पुन्हा हसू आलं. खुर्ची पुढे ओढून घेतली. चहा आणून ठेवला होता तो गार झाला. नवरा आतून बाहेर आला आणि तोही शेजारी बसून सुचवू लागला की आई, त्याला मागून ढकल, आई, झोपल्यावर बघ. दुपार उलटली. सासूबाई डोळे पुसत हसत होत्या, आणि या घरात असं हसणं शेवटचं कधी ऐकलं ते अपघातबाईला आठवेना.

अखेरीस त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि पडद्यावरच्या धडधाकट नायकाकडे बघून उसासा टाकला.

"बिचारा. यालाही तुझ्यासारखी सून मिळालेली दिसते."

नवऱ्याला एकदम आठवलं की गॅसवर काहीतरी आहे. गॅसवर काही नव्हतं, पण तो गेला.

अपघातबाईला राग आला. जीव तोडून आपण यांना जपलं, रात्री त्यांच्या पावलाचा आवाज आला की आपण उठून बसतो, आणि त्याचं हे फळ. त्या संध्याकाळी ती कोणाशी धड बोलली नाही, भांडी जरा जोरात ठेवली. पण भांडी ठेवता ठेवता तिच्या डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. दुपारभर सासूबाई खेळल्या होत्या. जांभई दिली नव्हती. नायक जिंकावा म्हणून त्या खेळत नव्हत्या आणि खरं तर तो मरावा म्हणूनही नाही. त्या जपणाऱ्यांच्या हातून निसटायला बघत होत्या. आपला खेळ कंटाळवाणा नव्हता, आपण चुकीच्या माणसाला नायक केलं होतं. हे कळल्यावर तिला आनंद झाला आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि दोन्ही कोणाला दिसू नये म्हणून तिने एक स्वच्छ पातेलं पुन्हा घासलं.

ऑफिसात जाऊन तिने सांगितलं की कठडा परत लावा. भोंगाही आणा. तलवारवाल्याला मात्र रजा द्या. ज्वालामुखीकडे जाणार एक आजी, आणि खेळणारा माणूस म्हणजे त्यांच्यामागे धावणारे आपण. हातात कठडे, चटया, भोंगे, शिड्या. आजी निघाल्या की आपण पुढे जाऊन फळी टाकायची, कठडा लावायचा, दगड बाजूला करायचा.

"पण आजींचं ड्रॅगनकडे काय काम?" फरशीवाल्याने विचारलं.

"काम कशाला हवं? बघायचाय त्यांना."

हे सगळ्यांना एकदम पटलं. मालकांनी चौघांचे चेहरे पाहिले आणि नुसता दरवाजा लावून घेतला. त्या खोलीत इतकी लगबग पूर्वी कधीच झाली नव्हती. कठडेदादांनी लाकडी, दोरीचे, घडीचे असे तऱ्हेतऱ्हेचे कठडे काढले. फरशीवाल्याने शेवाळ, चिखल, ओलं गवत आणि सांडलेलं तेल घातलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आपलं शेवाळ पाहणार म्हणून तो ते पुन्हा पुन्हा न्याहाळत बसला. आजींचा चेहरा काढायला कठडेदादांना सगळ्यात जास्त वेळ लागला. पण जमला, आणि मिशी नव्हती.

हरायचं कसं, यावर मात्र गाडी अडली. आजी पडून मेल्या की खेळ संपला, असं मालकांनी सुचवलं, आणि चौघांनीही त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी शब्द मागे घेतले.  मग अपघातबाईने सांगितलं की आजी पडल्या तर उठतील, खरचटेल, पुढे जातील. हरायचं ते दुसरीकडून. फार कठडे लावले, दर पावलाला चटई टाकली, सारखा भोंगा वाजवला, की आजी थांबतील, मागे वळतील आणि घरी जाऊन खिडकीशी खुर्चीत बसतील. हातात पेपर. पडद्यावर अक्षरं येतील, आजी घरी बसल्या. खेळ तिथे संपला. हे सांगताना तिचा आवाज थोडा बसला होता, पण भोंगेमास्तरांखेरीज कोणाच्या लक्षात आलं नाही. आवाजाचं त्यांच्यापासून काही लपत नसे.

एकच गोष्ट राहिली, शेवटचा पूल. ज्वालामुखीवरून पलीकडे जाणारा, दोरांचा, कठडा लावायला जागाच नसलेला. इथे काय होतं ते बाईने लिहायचं होतं आणि तिच्याने लिहवेना. तिने खाली जाळी बांधली. फरशीवाला म्हणाला की जाळी लावली तर तो पूल कसला, तो पाळणा. मग पडल्या तर काय, असं तिने विचारलं.  पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार आणि जाळी काही निघत नव्हती.

त्या संध्याकाळी तिने घराचं दार उघडलं आणि ती दारातच थांबली. स्वयंपाकघरात शेजारणीकडे दिलेलं स्टूल होतं. स्टुलावर सासूबाई होत्या. एका हाताने वरची फळी धरलेली, दुसऱ्या हातात फडकं. जुन्या चपला कुठूनतरी शोधून काढून घातलेल्या.

तिच्या घशापर्यंत ओरडणं आलं होतं. ते तिने गिळलं. उंचावर चढलेल्या माणसाला खालून हाक मारायची नाही, माणूस दचकतो आणि पडतो, हा धडा तिनेच लिहिला होता. किती कारखान्यांत तो लावला असेल. धावत जाऊन धरायचंही नाही, हेही तिनेच लिहिलं होतं. तेव्हा ती उभी राहिली. पर्स खांद्याला तशीच. हात मात्र आपोआप पुढे गेले, तळवे वर करून, काहीतरी झेलायला निघाल्यासारखे.

"आलीस का?" सासूबाई न वळता म्हणाल्या. "हात मागे घे. डब्यात दिसतायत मला."

वरच्या फळीवरच्या स्टीलच्या डब्यात सून दिसत होती, हातांसकट. तिने हात मागे घेतले आणि पाठीशी एकमेकांत घट्ट धरून ठेवले. सासूबाईंनी डबा उचलला, खालून पुसला, ठेवला, शेजारचा उचलला. घाई नाही. एकदा स्टूल किंचित डुगडुगलं, त्यांनी पाय जरा सरकवला आणि पुढचा डबा घेतला. त्यांचे पाय स्थिर होते.  मग त्या सावकाश उतरल्या आणि फडकं झटकलं.

"काय होतं वर?" अपघातबाईने विचारलं.

"धूळ," सासूबाई म्हणाल्या. "दोन वर्षांची."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पहिली आली ती अपघातबाई. तिने जाळी काढली. आणखीही एक गोष्ट केली, पण ती काय हे तिने फरशीवाल्यालाच सांगितलं, आणि ऐकून तो खुर्चीत बसला.

मोठ्या कंपनीकडून तिघं आले. त्यांच्यातल्या मुख्य होत्या त्या चष्मेवाल्या बाई, सडपातळ, आणि चेहऱ्यावरून असं वाटावं की त्या शेवटच्या हसल्या त्या शाळेत असताना. त्यांनीच रिमोट हातात घेतला. आजी निघाल्या. चष्मेवाल्या बाईंनी लगेच कठडा लावला, चटई टाकली, आणखी एक चटई टाकली, भोंगा वाजवला. आजी थांबल्या, त्यांच्याकडे वळून एकवार पाहिलं आणि घरी जाऊन बसल्या. शेजारच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी पुन्हा सुरू केलं. आजी पुन्हा बसल्या. तिसऱ्या खेपेला बाई खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या आणि आजींशी बोलू लागल्या होत्या, अहो जरा थांबा, अहो तिकडे शेवाळ आहे. आजी शेवाळावरून घसरल्या, उठल्या, हात झटकले आणि निघाल्या. शेजारचे दोघे हसू दाबता दाबता लाल झाले. कठडेदादा भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांनी खिडकीची चौकट धरून ठेवली होती.

शेवटी पूल आला. आजी टोकाशी उभ्या राहिल्या. चष्मेवाल्या बाईंनी कठड्याचं बटण दाबलं, काही झालं नाही. चटई, फळी, शिडी, भोंगा, एकेक करून सगळं दाबून पाहिलं. मग सगळं एकदम दाबलं. आजी टोकाशी उभ्याच. मालकांच्या कपाळावर घाम आला, यंत्र बंद पडलं असं त्यांना वाटलं. बाईंनी वैतागून सुस्कारा सोडला, रिमोट टेबलावर ठेवला आणि चष्मा पुसायला काढला.

आजी चालू लागल्या.

पूल हलत होता. खाली लाव्हा उकळत होता. मध्यावर एक फळी कलली, आजींनी दोर धरला, तिथेच क्षणभर थांबल्या, केस सारखे केले आणि पुढचं पाऊल टाकलं.  चष्मेवाल्या बाई चष्मा हातात धरून तशाच पाहत राहिल्या, आणि त्यांना चष्म्याशिवाय किती दिसत होतं कोण जाणे. पलीकडे ड्रॅगन बाहेर आला. त्याने एकदा भोंगा वाजवला, दुसऱ्यांदा वाजवला, तिसऱ्यांदा वाजवणार तोच आजी म्हणाल्या, "ऐकू येतंय मला." ड्रॅगन खाली बसला. आजी त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या, मनसोक्त.

चष्मेवाल्या बाईंनी चष्मा लावला आणि तो लावण्यात जरुरीपेक्षा जास्त वेळ घालवला. मग हा खेळ आपण घेतोय असं त्यांनी सांगितलं, आणि हे असं सुचतं कसं, असं विचारलं.

मालकांनी चौघांकडे पाहिलं. "आमच्या माणसांना अनुभव आहे," ते म्हणाले.

पुढच्या सुट्टीला अपघातबाईने तो खेळ घरी आणला आणि सासूबाईंच्या हातात रिमोट दिला. तिला वाटलं होतं त्या एका फटक्यात पलीकडे जातील, कारण यांच्याइतकी आजींची बाजू कोणाला कळणार. शेवटच्या पुलाची गोम तिने मुद्दाम सांगितली नाही.

सासूबाईंनी पहिल्याच पायरीला कठडा लावला.

"आई, फार लावू नका," सून म्हणाली.

"ओलं आहे तिथे. दिसत नाही का तुला?" सासूबाईंनी चटई टाकली. मग पुढे आणखी एक. वळण आलं तसा भोंगा वाजवला. आजी घरी जाऊन खुर्चीत बसल्या. सासूबाईंनी खुर्चीतल्या खुर्चीत चुळबूळ केली आणि पुन्हा सुरू केलं. आजी पुन्हा बसल्या. नवरा आतून आला, एक नजर आईकडे, एक बायकोकडे टाकली आणि शहाण्यासारखा परत आत गेला. दुपारभर सासूबाईंनी त्या आजींना इतकं जपलं, इतकं जपलं, की अपघातबाईलाही लाजवलं.

"पडली असती ती," त्या दरवेळी म्हणायच्या.

हातापाया पडून, ओरडून, कपाळाला हात लावून कशाबशा त्या शेवटच्या पुलाशी पोचल्या. तिथे त्यांनी सगळी बटणं दाबून पाहिली आणि मग रिमोट दोन्ही हातांनी गच्च धरून बसल्या. आजी टोकाशी उभ्या. सासूबाई सोडेनात. असंच बराच वेळ चाललं. सुनेने हसू आवरलं आणि चहा करायला उठली. चहाची पूड नेमकी वरच्या डब्यात होती. तिने स्टूल ओढलं, ओट्याशी ठेवलं आणि वर चढली. डबा आत सरकला होता. ती टाचा उंचावून हात लांब करत होती, तोच स्टूल किंचित डुगडुगलं.

"अगं, थांब, थांब," बाहेरून हाक आली. रिमोट खुर्चीवर टाकल्याचा आवाज झाला आणि सासूबाई लगबगीने आत आल्या. वाकून त्यांनी दोन्ही हातांनी स्टुलाचे पाय घट्ट धरले. "हं, काढ आता. मी धरलंय."

अपघातबाईने वरून खाली पाहिलं, त्या पांढऱ्या केसांच्या भांगाकडे. हात मागे घ्या, असं म्हणायचा तिला पुरता हक्क होता. ती म्हणाली नाही. तिने डबा काढला आणि तो छातीशी धरून तशीच जरा वेळ उभी राहिली, कारण कोणीतरी खाली धरून आहे हे तिला बरं वाटत होतं.

बाहेरच्या खोलीत रिमोट खुर्चीवर पडला होता. पडद्यावर आजी एकट्याच पुलावरून चालल्या होत्या आणि आता मध्याच्याही पुढे गेल्या होत्या.